एस म्हणजे साठवा

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे मी कबूल करते. पण त्या मंगळवारची चूक रागाची नव्हती, बोटांची होती. माझ्या बोटांची. आणि शिक्षा होणार होती आमच्या वन्संना.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. शहराच्या रेडिओवर सतरा वर्षं बातम्या वाचतात, आणि त्याच बातम्या मी टाइप करते. घरात आमचं फारसं पटत नाही. मी एका फळीवर ठेवलेला डबा त्या दुसरीवर ठेवतात, मी तो परत आणते, असं एकवीस वर्षं अखंड चालू आहे. पण माइकसमोर बसल्या की बाई वेगळीच. अशा वाचतात की बसमधले लोक उतरायचं विसरतात. लग्न केलं नाही, हौस नाही, मौज नाही. जे काही आहे ते त्या माइकमध्ये.

तर मंगळवारी प्रसारणाच्या खोलीतला माणूस तापाने आडवा झाला आणि त्याच्या खुर्चीत मला बसवलं. कळ दाबायची, गाणं लागतं, त्यात काय एवढं, असं सगळ्यांचं मत. बातम्यांआधी वन्संनी आवाजाची चाचणी दिली. आवाज कमीजास्त करता यावा म्हणून ती रेकॉर्ड होते. चाचणीत बाकीचे एक-दोन-तीन म्हणतात. वन्सं मनात असेल ते बोलतात. त्या दिवशी म्हणाल्या, "साहेबांना बातमीतलं डोंबल कळत नाही, आणि निघालेत बातम्या कापायला."

मला हसू फुटलं, आणि हसता हसता मी कंट्रोल आणि एस दाबलं. आमच्या टायपिंगच्या प्रोग्राममध्ये एस म्हणजे साठवा. दर दोन ओळींनी दाबते मी, झोपेतसुद्धा दाबत असेन. प्रसारणाच्या प्रोग्राममध्ये एस म्हणजे सोडा. हवेत सोडा. सुटलं. अख्ख्या शहराने ऐकलं, आणि आमच्या केंद्राच्या साहेबांनी गाडीत बसून ऐकलं.

सोमवारपासून माइक बंद, जुन्या फितींच्या खोलीत बसा, असा हुकूम निघाला. मी धावत गेले, म्हटलं चूक माझी आहे, मला बसवा तिथे. साहेब शांतपणे म्हणाले, "बोट तुमचं असेल, शब्द त्यांचे आहेत." घरी वन्संनी डबाही हलवला नाही.

दुसऱ्या दिवशी मी तडक कॉम्प्युटरच्या खोलीत गेले. तिथे जो बसतो त्याला आम्ही 'उद्या' म्हणतो, कारण कुठलीही तक्रार घेऊन जा, तो तेच सांगतो. त्या दिवशी मात्र त्याने जास्तीचं एक वाक्य टाकलं: ताई, बघून दाबायचं ना. माझा नुसता तिळपापड झाला. बघून? मेल्या, बघून जेवतोस का, घास नाकात जाऊ नये म्हणून? असं मनात म्हटलं. बरंचसं मोठ्यानेही म्हटलं.

मग एक वही घेतली आणि खोली खोली हिंडले. टायपिंग, रेकॉर्ड केलेल्या आवाजाची कापाकापी, प्रसारण. तीन खोल्या, तीन प्रोग्राम, प्रत्येकाची प्रत्येक कळ काय करते ते लिहून काढलं. आवाज कापणाऱ्यांकडे एस म्हणजे पुन्हा सोडाच, पण तिथे सोडा म्हणजे सोडून द्या, वगळा. काय म्हणावं याला! आमच्याकडे एस दाबलं की राहतं, शेजारी दाबलं की जातं, आणि जिना चढून दाबलं की गावभर होतं. संध्याकाळपर्यंत अशा सतरा कळा सापडल्या. भूक नाही, तहान नाही, नुसती पेटले होते मी. वही उद्यासमोर आपटली. त्याने दोन पानं वाचली, चष्मा काढला, परत लावला. तिन्ही प्रोग्राम तीन वेगवेगळ्या माणसांनी केलेले, म्हणाला, आणि हे असं शेजारी शेजारी मांडून कुणी पाहिलंच नव्हतं. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "ताई, हे आजच करू."

आज, असं म्हणाला तो. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघून घेतलं.

गुरुवारी साहेबांसमोर बैठक झाली. आम्हाला हवी होती एकच यादी: एका कळेचं एकच काम, कुठल्याही खोलीत जा. प्रत्येकाला ते पटलं, फक्त बदलायचं दुसऱ्याने. कापणारे म्हणाले आमची बोटं पंधरा वर्षांची आहेत. प्रसारणवाला तापातून उठून आला होता, तो म्हणाला सोडा म्हणजे हवेत सोडा, लहान पोरालाही कळतं. कापणारे म्हणाले सोडा म्हणजे सोडून द्या. उद्या म्हणाला, तुम्ही दोघं आधी हट्ट सोडा. तासभर नुसती जुंपली होती आणि खरं सांगते, मला मजा येत होती. शेवटी ठरलं. एस म्हणजे सगळीकडे साठवा. वगळायला डिलीट. हवेत सोडायचं तर एफ बारा, वरच्या रांगेत टोकाला, हात मुद्दाम उचलून न्यावा लागेल अशी.

माणूस सावध असेल तर कुठलीही कळ चालते, असं साहेबांचं म्हणणं होतं. माझ्याकडे वळून म्हणाले, "शुक्रवारी दुपारच्या बातम्या नव्या कळांवर. प्रसारणाला तुम्हीच बसा. नको ते काही बाहेर गेलं नाही, तर माइक तुमच्या वन्संचा."

त्या संध्याकाळी वन्संनी जेवणाचं टेबल रिकामं केलं, कागदावर कीबोर्ड काढला आणि मला समोर बसवलं. त्या जुन्या बातम्या वाचायच्या, मी कागदावर बोटं आपटायची. चूक, परत. चूक, परत. माझा नवरा दारातून डोकावला आणि आल्या पावली मागे फिरला.

शुक्रवार. दुपारचा एक. साहेब माझ्या खुर्चीमागे उभे, काचेपलीकडे वन्सं. एफ बारा, बातम्यांआधीची धून. एफ बारा, पहिली बातमी. जमत होतं. अहाहा, काय वाचत होत्या त्या. मधल्या जाहिराती लागल्या. वन्संचा माइक आता बाहेर बंद, फक्त माझ्या कानात आणि रेकॉर्डिंगवर चालू. पाण्याचा घोट घेऊन त्या हळूच म्हणाल्या, "ए, ऐक. चुकलीस ना, तरी मी तुला काही बोलणार नाही. सतरा वर्षं वाचलं, पुष्कळ झालं. तू मात्र रडत घरी येऊ नकोस."

माझे डोळे भरून आले, समोरचं दिसेना, आणि माझ्या बोटांनी आपलं आपण कंट्रोल आणि एस दाबलं.

भिंतीवरच्या स्पीकरमधून बाहेर जाणारं सगळं ऐकू येतं. आता तिथून वन्संचा आवाज येणार, ए ऐक म्हणून, साऱ्या गावाला. मी स्पीकरकडे बघत राहिले. साबणाची जाहिरात चालू होती. साबण संपला, गाद्यांची आली. पडद्यावर खाली एकच शब्द उमटला होता: साठवलं.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"चूक झाली, साहेब. तीच. मंगळवारचीच."

त्यांनी स्पीकरकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, वाकून तो शब्द वाचला. गाद्याही संपल्या. मी हात उचलला, एफ बारा, आणि वन्संनी उरलेल्या बातम्या सुरू केल्या. साहेब बाजूची खुर्ची ओढून बसले आणि हवामानापर्यंत सगळं ऐकलं. उठताना म्हणाले, "सोमवारी दुपारी त्याच वाचतील."

वन्सं बाहेर आल्या. माझं तोंड बघून जागच्या जागी थांबल्या.

"चुकलीस?"

"हो," मी म्हटलं, "चुकले, वन्सं, चुकले," आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना गच्च मिठी मारली.