बानाबाईची घोडी

वाळूजच्या कारखान्यातल्या मशीनच्या धडधडाटाला कडुबा साळवे कधी बिचकला नाही. पण टांग्याच्या टापा ऐकू आल्या की त्याच्या तळहातांना घाम फुटे. एकदा गुलमंडीत मागून टांगा आला, तसा तो कापडाच्या दुकानाच्या पायरीवर मटकन बसला. उठेचना. मग सत्यभामा नवऱ्याला केसरबाईंकडं घेऊन गेली. केसरबाई मनाच्या दुखण्यावर गोळ्या न देता, बोलून उपचार करत.

तिथं बोलली सत्यभामाच. विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटला होता, त्या वर्षी त्यांचं लग्न ठरलं. पिशोरजवळच्या गावात कडुबा घोडीवर बसून वरातीनं निघाला. बौद्धवाड्यातला नवरदेव घोडीवर, हे काहींना सोसलं नाही. वेशीपाशी दगड आले. घोडी उधळली, कडुबा पडला. लग्न दुसऱ्या दिवशी मोजक्या माणसांत लागलं. मग दोघं औरंगाबादला आले, ते आलेच.

"विसरा म्हणू नका बाई," कडुबा म्हणाला. "समदे तेच म्हणत्यात."

"नाही म्हणणार. रविवारी खुलताबादला याल? तिथं एक घोडी आहे. तिच्याजवळ जायलाच पाहिजे असं नाही. लांबून बघून परत आलात तरी चालेल."

घोडी बानाबाईची. मेंढरांमागं हिंडण्यात बानाबाईचं आयुष्य गेलेलं. आता टेकडीच्या उतारावर थोडी शेती करून ती राहिली होती. पहिल्या रविवारी कडुबा लांब बाभळीखाली बसून राहिला. केसरबाई शेजारी बसल्या, काही न विचारता. थोड्या वेळानं घोडी चरत चरत जवळ आली. कडुबानं श्वास रोखला. तिनं कान टवकारले आणि ती मागं सरकली.

"तुमचा श्वास अडकला की तिला वाटतं, इथं भ्यायचं काहीतरी आहे," केसरबाई हळूच म्हणाल्या. "सोडून बघा."

त्यानं श्वास सोडला. जरा वेळानं घोडीनं मान खाली घातली.

असे बरेच रविवार गेले. एकदा बानाबाईनं हरभऱ्याचं घमेलं त्याच्या हातात दिलं. घोडी खात असताना त्याचा हात आपसूक तिच्या मानेवर गेला, आणि तो उभ्या उभ्या रडायला लागला.

"दगड मला नाय लागले बाई. तिला लागले, डोळ्यावर. भाड्याची घोडी होती. मी पळालो. तिचं काय झालं, कुणाला इचारलं नाय."

"आता विचारावंसं वाटतं?" केसरबाई म्हणाल्या.

"व्हय."

पुढच्या सुट्टीला तो गावाकडं, वरातीला घोडी देणाऱ्या बन्सीकडं गेला. बन्सीनं त्याला खाटेवर बसवून चहा दिला. "एक डोळा गेला तिचा," तो म्हणाला. "पण लई वर्षं चालली. दोन शिंगरं दिली. म्हातारी होऊन मेली. तुह्यावर राग नव्हता रं माझा, दगड मारणारांवर व्हता."

त्या रात्री कडुबाला चांगली झोप लागली. पुढं सगळ्याच रात्री लागली असं नाही.

त्यानंतरच्या रविवारी सत्यभामाही सोबत आली. घोडीकडं बघत म्हणाली, "मला बसायचंय."

बानाबाईनं तिला आधार देऊन वर बसवलं आणि दोर कडुबापुढं धरला. त्याच्या हाताला घाम होता. तरी त्यानं दोर घेतला.

"हळू चाला की," सत्यभामा म्हणाली.

"मी कुठं चालतोय? तीच नेती मला," कडुबा म्हणाला, आणि बांधाच्या कडेनं निघाला.