बरणीचा टवका

क्रॅनबेरीची चटणी धाकट्या सुनेने स्वतःहून अंगावर घेतली होती. लग्नानंतर एवढ्या माणसांना वाढायची ही पहिलीच वेळ. साखर, आलं, संत्र्याची साल नि घोटभर व्हिनेगर. मंद आचेवर फळं टपाटप फुटली, चटणी चमच्याला धरू लागली. घाईघाईने तिने ती कढत चटणी सासूबाईंच्या काचेच्या बरणीत ओतली. बरणी नुकतीच गार पाण्याने विसळलेली होती.

चटणी निवल्यावर वाडग्यात काढून तिने टेबलावर पाठवली. मग रिकामी बरणी पुसताना तिचं बोट कडेवरच्या एका खळग्यात गेलं.

टवका उडाला होता. नखाएवढा.

गार काचेत कढत घालू नये, हे आईने शंभरदा बजावलं होतं. ओतताना आवाज झाला होता की नव्हता? आठवेना. तिने मोरी चाचपली, ओटा चाचपला, फरशीवर हात फिरवला. तुकडा कुठेच नाही. म्हणजे तो चटणीतच.

बाहेर आत्याबाई विचारत होत्या, "चटणी हिनेच केली ना? की आईकडून डबा आला?" सगळे हसले. आता तोंड उघडलं, तर आईचाही उद्धार होणार. न उघडलं तर...

ती दारात आली. जावेची चार वर्षांची चिमणी चमचाभर चटणी तोंडाशी नेत होती.

"थांबा! कुणी खाऊ नका! त्यात काच आहे!"

चमचा खाली पडला. सासऱ्यांचा हात गळ्याशी गेला.

"अगं बाई!" आत्याबाई ओरडल्या. "आम्हाला मारायला निघालीस की काय?"

सासूबाई उठल्या. सुनेला आत नेऊन त्यांनी दार लोटलं, बरणी हातात घेतली. त्यांचाही चेहरा उतरला होता.

"नीट हात लाव. नुकती फुटलेली काच कापते. ही कड बघ, झिजून गुळगुळीत झालीय." त्या हळू बोलत होत्या. "माझ्या पहिल्या जेवणाला उडाला हा टवका. तुकडा सापडला नाही. मी गप्प बसले. सगळे जेवले. महिनाभर रोज सकाळी माणसं मोजत होते बघ. अजूनही बरणी ठेवते ती टवका भिंतीकडे करूनच."

"मग आता?"

"आता काय! तू बोललीस. माझी जीभ टाळ्याला चिकटली होती."

त्या बाहेर गेल्या. सगळ्यांदेखत त्यांनी वाडग्यातली चमचाभर चटणी खाल्ली.

"चटणी चांगली आहे. बरणीचा टवका माझ्या हातून उडाला होता, अठ्ठावीस वर्षांपूर्वी. चटणी ओततानाच. तुकडा तेवढा सापडला नाही."

आत्याबाईंनी बारीक आवाजात विचारलं, "त्या दिवशी मी होते का गं, वहिनी?"

"होतात ना, वन्सं. दोनदा मागून घेतलीत."

आत्याबाईंचा हात आपसूक पोटावर गेला.