चोरवेल

"हिला चोरवेल म्हणतात, आजी. थंडी पडली की कुंडीतून गायब! लपून बसते आणि उन्हाळा आला की हळूच डोकं वर काढते. आमच्या आजेसासऱ्यांनी ठेवलेलं नाव." रोपवाटिकेची तरुण मालकीण कौतुकानं सांगत होती.

ताई वाकून पानं बघत होती. "एकदा तिथं जाऊन येऊ या," हा हट्ट तिचाच. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकाला गेली.

"अर्धंच सांगताय," मी म्हणाले. "चोर कुणाला ठरवलं, तेही सांगा की!"

तिला काय ठाऊक असणार? मग मीच सांगितलं.

ताई तेव्हा इथं झाडांना पाणी घालायची. थोरल्या मालकांनी लांबून कुठूनशी ही वेल आणली. तिची खोड कुणालाच माहीत नव्हती. पहिल्याच थंडीत कुंडी रिकामी दिसली. खाली कंद निजला होता, पण माती उकरून बघायचं कुणाला सुचलं नाही. सुचली ती ताईची पिशवी. सगळ्या बायांसमोर मालकांनी ती उपडी केली. डबा निघाला, फणी निघाली. तरी तिला काढून टाकलं. मग दुसऱ्या कुठल्या रोपवाटिकेनं तिला दारात उभं केलं नाही. झाडापानांत रमणारी माझी बहीण जन्मभर लोकांची भांडी घासत राहिली.

उन्हाळ्यात त्याच कुंडीत कोंब फुटला. मालक पोट धरून हसले म्हणे, "लेकाची चोरवेल!" हसून झालं. ताईला बोलवायला मात्र कुणी आलं नाही.

"वेलीला नाव मिळालं, आणि हिच्या नावाला बट्टा!"

"पुरे गं," ताई म्हणाली. "ही पोर जन्मलीही नव्हती तेव्हा."

"तू गप्प बैस! गप्प बसलीस म्हणून तर ही वेळ आली."

मालकीण ओशाळली. तिनं कुंडी उचलून ताईपुढे धरली. "आजी, ही घेऊन जा. पैसे नकोत."

"फुकट नको, पोरी." ताईनं पाकीट उघडलं. "पैसे घे आणि पावती दे."

"एवढ्याशा कुंडीची पावती?"

"दे. माझ्या नावानं."

ताईनं कुंडी कडेवर घेतली. पावती पिशवीत टाकली नाही. चारचौघांना दिसेल अशी हातात धरून ती फाटकाकडे चालू लागली. फाटकावर कुणीच नव्हतं. तरी ती तिथं क्षणभर थांबली, आणि मग बाहेर पडली.