कण्हेरीत बसवलेले रामराव

पार्बताबाईच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. दर्यापूरचा मे महिना, काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा, आणि मधोमध ती कण्हेर. हिरवीगार, गुलाबी फुलांनी लगडलेली.

"पान्याचा थेंब नाई, तरी हिरवी! काहून?" भस्म फासलेले शालिकराम महाराज गरजले. "रामराव बसले हायेत इच्यात! रामराव, असान तं फांदी हालवा!"

वारा साफ पडलेला. तरी एक फांदी हलली. बायांनी हात जोडले.

नवरा, रामराव, गेल्यापासून या अंगणात 'जेवली का?' म्हणून विचारायलाही कुणी आलं नव्हतं. पार्बताबाई बोलायची ती कण्हेरीशीच. आता रोज माणसं येत. कुणी पाठीवरून हात फिरवी, कुणी तिच्या हातचा चहा मागे. आज महाराजांनी कण्हेरीच्या पानांचा काढा उकळला होता.

"पे माय. रामराव तुह्याशी बोलतीन."

तिनं वाटी ओठांशी नेली.

"काकू, थांबा!" शेजारची गीतांजली गर्दीतून घुसली. शाळेत विज्ञान शिकवायची ती. तिनं वाटी हिसकावली. "हे कण्हेर तुमी काहून लावली होती?"

"बकऱ्या तोंड लावत नाईत म्हनून."

"मंग बकरी ज्याले तोंड लावत नाई, थे मानसानं प्यावं? जहर आहे हे. काळीज बंद पडते!" ती महाराजांकडे वळली. "अन् हिरवं राह्याचं म्हनान, तं अकोल्याच्या हायवेवर दुभाजकात कण्हेरच कण्हेर आहे. थ्याच्यात कोनाकोनाले बसवलं जी?"

हशा पिकला. कण्हेरीचं जाड, चिवट पान पाणी उडू देत नाही, मूळ खोल ओलीपर्यंत जातं, एवढंच तिचं गुपित. गीतांजलीनं ती हलणारी फांदी धरली. बारीक नायलॉनचा दोरा! ओढत गेली, तर कुंपणामागं लपलेल्या महाराजांच्या चेल्याच्या पायाच्या अंगठ्याला गाठ.

महाराजांनी जीप गाठली. लोक पांगले. अंगणात नुसत्या चपलांच्या खुणा उरल्या.

"मले मालूम होतं वं," पार्बताबाई हळूच म्हणाली. "आमचे हे असते, तं फांदी नसती हालवली. चहा मागतला असता."

"मंग काढा काहून पेत होत्या?"

पार्बताबाई रिकाम्या फाटकाकडे पाहत राहिली. "मानसं येत होती ना."

गीतांजलीनं आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. दोघींचं.

फांदी हलली, तर हात जोडू नका. आधी ती हातात धरून पाहा. आणि ज्या घरात एकच माणूस उरलंय, तिथं चमत्कार व्हायची वाट न पाहता जा.