फ्यूज काढल्यावरचा आवाज

त्या रविवारी दुपारी चंपतरावांनी अ‍ॅम्प्लिफायरचा काचेचा फ्यूज काढला, त्याच्या जागी तांब्याच्या तारेचा तुकडा बसवला आणि लेकीला हाक मारली.

"गोपी, ये वं इकडे. आता आयक."

आतल्या काचेच्या नळ्या, व्हॉल्व्ह, तापेपर्यंत दोघं थांबली. मग त्यांनी सारंगीची तबकडी लावली आणि आवाजाचं बटण फिरवलं. फ्यूज असताना जिथे थांबवलं होतं, त्याच्या बरंच पुढे. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. गोपिकाला मात्र दिसलं.

"पाह्य! उघडला का नाही आवाज? केसाएवढी तार मधात बसून सारंगीचा गळा दाबून राहिली होती."

"बाबा, फ्यूजमधून फक्त करंट येते. गाणं त्यातून जातच नाही. उद्या आत काही शॉर्ट झालं, तर घर जळन."

"लायब्ररीत पुस्तकं वाचणं वेगळं, अन् कान असणं वेगळं," ते हसून म्हणाले.

"बंद करा वं ते कोणी!" स्वयंपाकघरातून आई ओरडली. "मले माझंच बोलणं आयकू येऊन नाही राहिलं!"

चंपतरावांना ते ऐकू आलं नाही.

तीस वर्षं ते गिरणीच्या माग खात्यात वायरमन होते. तिथल्या खडखडाटात माणसं एकमेकांचे ओठ पाहून बोलत. गिरणीची नोकरी सुटली आणि घरच्या शांततेत त्यांच्यासाठी सारंगीचे वरचे सूर हळूहळू विझत गेले. ते दोष शोधत राहिले. आधी सुईत, मग स्पीकरमध्ये, मग व्हॉल्व्हमध्ये. आता पाळी फ्यूजची होती. गोपिकाला वर्षभरापासून ठाऊक होतं. पाठमोरे असले, की ते हाकेला ओ देत नसत. डॉक्टरकडे चला म्हणावं, असं कितीदा जिभेवर आलं होतं. पण ज्याचा सारा मान कानांवर उभा, त्या माणसाला हे कोणत्या तोंडानं सांगायचं? सांगू सवडीनं, असं म्हणत ती दिवस ढकलत होती.

"फरक आहे ना?" त्यांनी विचारलं.

"मोठा झाला आवाज," ती म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं.

सोमवारी सकाळी त्यांनी सायकल काढली. "रुपरावले सांगून येतो. त्यालेही म्हणतो, काढ गा तो फ्यूज."

रुपराव त्यांचे गिरणीतले सोबती. घर छोट्या रेल्वेलाइनच्या पलीकडे. रस्ता रूळ ओलांडतो तिथे फाटक नव्हतं. पाहणारे म्हणाले, इंजिन दुरूनच शिट्टी देत आलं होतं. चंपतरावांनी मान वळवलीसुद्धा नाही.

त्यांच्या तेरवीपर्यंत जो येई, तो हेच विचारी. दिवसाउजेडी, एवढी शिट्टी वाजत असताना? कोणी म्हणे विचारात असतील, कोणी म्हणे वेळच भरली होती. घरात काही भांडण झालं होतं काय, असंही कोणी दबक्या आवाजात विचारून गेलं. आईनं ते ऐकलं. त्या दिवसापासून ती रविवारचं आपलं ओरडणं पुन्हा पुन्हा आठवून रडू लागली. गोपिका चहाचे कप गोळा करत राहिली.

तेरवी झाल्यावर रुपराव पुन्हा घरी आले. अ‍ॅम्प्लिफायरसमोर बसून त्यांनी धोतराच्या सोग्यानं त्यावरची धूळ पुसली.

"वहिनीनं सांगितलं, मले तारेचंच सांगाले येत होता तो. मी बी काढतो आता माझा फ्यूज. चंपतचं शेवटचं सांगणं आहे." मग ते गोपिकाकडे वळले. "पण एक नाही समजत पोरी. बिघडलेल्या रेडिओची नुसती भणभण आयकून हा माणूस बिघाड सांगे. त्याले शिट्टी काहून नाही आयकू आली?"

आई दारात येऊन उभी राहिली. तीही उत्तराची वाट पाहत होती. गोपिकानं आयुष्यभर एवढं वाचलं होतं, पण हे मऊ करून सांगणारा एकही शब्द तिला सापडेना.

"काकाजी, फ्यूज काढू नका," ती म्हणाली. "त्यानं आवाजात काही फरक पडत नाही. बाबाले आयकूच येत नव्हतं. वर्ष झालं होतं. मले माहीत होतं."