डोक्याला कुबडी नसते

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी कुबडी आहे. जोडीतली डावी. तसे आमच्यात डावे-उजवे नसते, पण माझ्या मुठीत लाकडाची एक गाठ राहून गेली आहे. ती उजव्या तळव्याला टोचते आणि डाव्याला बरोबर बसते, म्हणून मी डावी ठरले. माझी बहीण उजवी. तिच्यात काही खोट नव्हती. ती पहिल्यापासूनच शहाणी.

आम्हाला घडवणारा सुतार एरवी खुर्च्यांचे पाय करायचा. त्याने एकाच फळीतून आम्हा दोघींना कापले, मधोमध चीर दिली, वाफेवर मऊ केले आणि वरचे अंग फाकवून बगलेची आडवी पट्टी बसवली. मग गादी शिवली, मूठ ठोकली, खाली रबराची टाच चढवली. सगळे झाल्यावर त्याने एक पाय उचलला आणि आपला सगळा भार आमच्यावर टाकून दुकानभर उड्या मारत फिरला. त्याची बायको म्हणाली, "अहो, शोभतं का या वयात?" तो म्हणाला, "मोडायची असली तर माझ्याखाली मोडू दे. दुसऱ्याचे दात कशाला पाडायचे?" आम्ही मोडलो नाही. आमच्या आयुष्यातले पहिले कौतुक ते.

तिथून आम्ही हाडांच्या एका दवाखान्यात आलो. तिथल्या डॉक्टरबाई आम्हाला घरोघर उसन्या द्यायच्या. बरे वाटले की परत आणून ठेवायचे, एवढीच अट. त्या काळी आम्हाला मान होता. आम्ही दारातून आत आलो की घरातली माणसे वाट सोडत. म्हाताऱ्या आत्या हळद लावलेल्या पायाचे सोडून आमचीच विचारपूस करत.

गावाच्या एका टोकाला फुटबॉलचे मैदान होते आणि दुसऱ्या टोकाला, बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत, मोटोक्रॉसचा मार्ग होता. मोटोक्रॉस म्हणजे मातीच्या उंचसखल वाटेवर मोटारसायकली उडवत नेण्याची शर्यत. आमच्याकडे मैदानावरचे लोक सतत येत. कुणाचा घोटा मुरगळलेला, कुणाचा गुडघा सुजलेला, कुणाच्या नडगीवर बुटाचा वळ. गाडीवाला मात्र क्वचितच कुणी आला. मला वाटायचे, गाड्यांचा आवाजच मोठा, बाकी त्या खेळात काही होत नसावे. जे आपल्या बगलेखाली येते, तेवढेच जग, असे आम्हा कुबड्यांचे.

पुढे अॅल्युमिनियमच्या कुबड्या आल्या. हलक्या, चकचकीत, बटण दाबले की लांब होणाऱ्या. आम्ही कपाटावर गेलो. धूळ बसली, गादीची शिवण उसवली, रबर कडक झाले. आमचे दिवस संपले, असे मी धरून चालले होते. पण एका वर्षी फुटबॉलच्या सामन्यांचा हंगाम असा काही रंगला की नव्या सगळ्या कुबड्या बाहेर गेल्या. डॉक्टरबाईंनी मान वर करून कपाटाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "त्या दोन म्हाताऱ्या उतरवा खाली."

अशा आम्ही भिंगरीच्या घरी आलो.

भिंगरी हे तिचे खरे नाव नव्हे, पण घरात, शाळेत, मैदानावर सगळे तिला तेच म्हणत. पायाशी चेंडू आला की ती जागच्या जागी अशी फिरायची की समोरची मुलगी भलतीकडेच धावत सुटायची. तशीच एकदा फिरताना तिचा उजवा गुडघा आतल्या आत फाटला. जवळ कुणी नव्हते. कुणी धक्का दिला नाही, पाडले नाही. बूट गवतात रुतला, अंग फिरले, गुडघा मागे राहिला. गुडघ्यातला एक बंध तुटला होता. शस्त्रक्रिया झाली.

तिची आई कपडे शिवायची. पुढच्या खोलीत तिचे दुकान होते. बाबांचे गॅरेज होते आणि त्यांनीच धाकट्या मुलाला जुनी गाडी दुरुस्त करून दिली होती. हा धाकटा खाणीत शर्यती खेळायचा. लांबून त्याच्या गाडीचा गुणगुणाट ऐकू यायचा, म्हणून त्याला भुंगा म्हणत.

आईने आमच्यासाठी दुकानाच्या दाराआड एक मोठा खिळा ठोकला. भिंगरी बसली की आम्ही खिळ्यावर. जो कोणी माप द्यायला येई, तो आधी आम्हाला बघे आणि विचारी, "कोणाला काय झालं?" आई दर वेळी तेच सांगे, "फुटबॉल. दुसरं काय! आधी घोटा, आता गुडघा. बस झाला तो खेळ. मी बंद करायला लावलाय."

"आणि भुंगा तो गाडी उडवतो, ते चालतं?" भिंगरी आतून ओरडे.

"त्याच्यासाठी या घरात कुबड्या आल्यात का कधी? सांग ना, आल्यात?"

"आपलाच तो बाब्या आणि आपलंच ते कार्टं! एकाच घरात दोन्ही!"

गिऱ्हाईक हसे. आई हसत नसे. ती शिवणयंत्राचे तेल पुसत बसे आणि मी दाराआडून त्या पुसण्याच्या फडक्याकडे बघत असे. ते फडके तिकोनी होते. त्याच्या टोकांना गाठीच्या सुरकुत्या होत्या. मला दवाखान्याची सवय, मी लगेच ओळखले. ती हात गळ्यात बांधायची झोळी होती. अशाच आणखी दोन तिच्या कात्रीच्या खणात होत्या. एक भुंग्याचे गळ्याजवळचे हाड मोडले तेव्हाची, एक मनगटाची, आणि एक खांदा निखळला तेव्हाची.

आता सांगा, मनगट मोडलेला माणूस कुबडी कशाने धरणार? गाडीवाले आमच्याकडे का येत नव्हते, ते मला त्या दिवशी उमगले. फुटबॉलवाल्याचा पाय दुखावतो, म्हणून तो आमच्यावर टेकत घरी येतो. गाडीवाला वरून आपटतो, हात पुढे करतो, खांद्यावर पडतो. त्याची झोळी घडी होऊन खणात जाते आणि पुढे तेल पुसते. आम्ही मात्र तीन हात लांब, रोज दारात लटकलेल्या. आईची शिकवणी आमच्यावरून चालली होती. पण मी कोण सांगणार?

त्या शिकवणीचा आणखी एक परिणाम झाला होता. घोटा दुखत असताना भिंगरी महिनाभर दुखत नाही असे सांगत खेळली होती, कारण दुखते म्हटले की खेळ बंद. आणि भुंगा पडून आला की दारातूनच सांगायचा, "काही झालं नाही," आणि त्यावर त्याला शाबासकी मिळायची. "बघा, कसा खंबीर आहे," बाबा म्हणायचे.

भिंगरीला एक कुबडी पुरेल इतके बरे वाटू लागले. दुखणे उजव्या पायाला, म्हणजे कुबडी डाव्या हातात. माझी बहीण खिळ्यावर राहिली आणि मी तिच्याबरोबर फिरू लागले. त्याच सुमारास खाणीत मोठी शर्यत होती. सगळे घर निघाले. आई पहिल्यांदाच तिथे आली होती, मांडीवर डबा आणि चेहऱ्यावर धूळ घेऊन बसली होती.

दोन फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत भुंगा एका उंचवट्यावरून उडाला, पुढचे चाक आधी टेकले आणि तो गाडीवरून पुढे फेकला गेला. आई उभी राहिली. डबा मांडीवरून मातीत गेला. पण भुंगा उठला. अंग झटकले, गाडी उचलली, हात हलवला आणि फेरी पुरी करून चालत आमच्याकडे आला.

"काही झालं नाही," तो म्हणाला.

"चालतोय ना? हात हलतोय ना? मग बस," बाबांनी त्याची पाठ थोपटली आणि ते गाडीचा वाकलेला दांडा सरळ करायला बसले.

आईने सुस्कारा सोडला. "देवा! मला वाटलं, आता याच्यासाठीही कुबड्या."

भुंगा बहिणीशेजारी टेकला. माझ्याकडे बघितले. मग म्हणाला, "ताई, तुझा पाय कसा गं मोडला?"

आई हसली. "घ्या, झाली याची थट्टा सुरू."

भिंगरीही हसली. तिने पाण्याची बाटली त्याला दिली. तो पाणी प्याला, बाटली मातीत ठेवली, पुन्हा माझ्याकडे बघितले आणि त्याच आवाजात, तेवढ्याच कुतूहलाने विचारले, "ताई, तुझा पाय कसा गं मोडला?"

आता ती हसली नाही. तिच्या संघातली गोलरक्षक एकदा खांबावर डोके आपटून पडली होती, तेव्हा प्रशिक्षकबाईंनी सगळ्या मुलींना समोर बसवून शिकवले होते. डोक्याला लागलेला माणूस चालतो, बोलतो, हसतो. त्याला प्रश्न विचारा.

"भुंग्या, आपण इथे कशाने आलो?"

"बसने."

आम्ही बाबांच्या गॅरेजच्या गाडीतून आलो होतो.

"बाबा, हा दुसऱ्या फेरीला जाणार नाही."

"का? आता काय झालं?"

"याचं डोकं आपटलंय. हेल्मेट बघा मागून, चीर गेलीय."

"चीर हेल्मेटला गेलीय ना? हेल्मेटचं कामच ते," बाबा म्हणाले. तेवढ्यात सगळ्यांना रांगेत बोलावणे आले. भुंग्याने तेच हेल्मेट चढवले. त्याचे नाव पुकारले जात होते. त्याचे डोळे चमकत होते, पण मला ते कुठेच बघत नाहीत असे वाटले.

"तुझा खेळ बंद झाला म्हणून त्याच्या खेळात विघ्न आणतेस का?" आई म्हणाली. हे तिला म्हणायचे नव्हते. तोंडातून गेले.

भिंगरी माझ्यावर टेकत गाडीसमोर गेली. भुंग्याने गाडी सुरू केली, आणि तिने मला उचलून पुढच्या चाकाच्या तारांमध्ये घातले. आरपार.

चाक हलले. मी पुढच्या दांड्यावर जाऊन अडकले. कडकन आवाज आला. सुताराच्या खाली मी मोडले नव्हते, ती इथे मोडले. गाडी आचका देऊन बंद पडली आणि भिंगरी, हातात आधार नसल्यामुळे, बसकण मारून मातीत बसली.

"वेडी आहेस का तू!" भुंगा ओरडला. मग गाडीवरून उतरला, दोन पावले चालला आणि ओकला.

शर्यतीचे डॉक्टर धावत आले. त्यांनी त्याचे डोळे बघितले आणि रुग्णवाहिका बोलावली.

मित्रांनो, भुंग्याच्या डोक्याच्या कवटीआड थोडे रक्त साचले होते. शस्त्रक्रिया करावी लागली नाही. बरेच दिवस अंधाऱ्या खोलीत, गोंगाटापासून दूर ठेवून, ते आपोआप जिरले. हाडांच्या डॉक्टरबाई त्याला बघायला आल्या तेव्हा आईने त्यांना गाठले.

"दोन्हीतला कुठला खेळ कमी धोक्याचा, ते एकदाच सांगून टाका. मी तेवढाच ठेवते."

"सांगते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "फुटबॉलवाले माझ्याकडे सारखे येतात. पण मैदानावर पोरांचा जत्था असतो आणि खाणीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पोरं. त्या मानाने बघितलंत तर गाडीवाले काही कमी येत नाहीत. शिवाय फुटबॉलवाला बहुतेक वेळा लंगडत येतो, गाडीवाल्याला आणावं लागतं. वेग आणि उंची, दोन्ही त्याच्या विरुद्ध. तेव्हा गाडीचा मार जड, हे खरंच. पण हिचा गुडघाही पुन्हा पूर्वीसारखा होईल, असं मी लिहून देणार नाही. आणि डोकी दोन्हीकडे आपटतात. डोक्याला कुबडी नसते, झोळी नसते. ते पोरांनी सांगितलं तरच कळतं."

"आणि दुसऱ्या फेरीत तो पुन्हा पडला असता तर?"

डॉक्टरबाई चहाचा कप बशीत ठेवून उठल्या.

दुसऱ्या दिवशी आईने तिन्ही झोळ्या साबणाने धुतल्या. तेलाचे डाग गेले नाहीत. तिने त्या तशाच इस्त्री केल्या आणि दाराआडच्या खिळ्यावर आमच्याशेजारी टांगल्या. बाबांनी चीर गेलेले हेल्मेट आणून खालच्या कोनाड्यात ठेवले. मग आईने दोघांना समोर उभे केले.

"लागलं तर घरी येऊन खरं सांगायचं. सांगितलंत म्हणून खेळ बंद करणार नाही, हा माझा शब्द. पण लपवलंत तर त्या दिवशी गाडीही जाईल आणि चेंडूही." मग भिंगरीकडे न बघता म्हणाली, "आणि तिथे मी तुला जे बोलले, ते मी परत घेते."

"घेतलं," भिंगरी म्हणाली.

माझ्या मोडक्या अंगावर बाबांनी गॅरेजमधली लोखंडी पट्टी आवळली. डॉक्टरबाई म्हणाल्या, हिच्यावर आता रुग्णाचा भार नको. कुबडीच लंगडी झाली! मी इथेच खिळ्यावर राहिले, माझ्या बहिणीला त्या परत घेऊन गेल्या. तिला अॅल्युमिनियमची जोडीदारीण मिळाली, असे ऐकते. एका फळीतून निघालेल्या आम्ही, पुन्हा भेटलो नाही.

भुंगा पुढच्या हंगामात नवे हेल्मेट आणि मानेची पट्टी घालून खाणीत गेला. भिंगरीलाही डॉक्टरांनी उड्या मारायला लावून, वळायला लावून मगच मैदानावर सोडले. परतल्यावरच्या एका सामन्यानंतर ती घरी आली आणि दारातच उभी राहिली. बूट काढले नाहीत. खिळ्याकडे बघितले.

"आई, हवेतल्या चेंडूसाठी उडी मारताना एकीच्या डोक्यावर डोकं आपटलं. जरा दुखतंय."

आईच्या हातात कात्री होती आणि पुढ्यात कुणाच्या तरी लग्नाचे कापड होते. तिने कात्री खाली ठेवली. चेहरा तसाच ठेवायला तिला किती कष्ट पडले, ते मी जवळून बघितले.

"बस इथे. तुझा पाय कसा गं मोडला होता?"

भिंगरी हसली. "कुणी पाडलं नव्हतं. एकटीच वळले आणि पडले. मग एक कुबडी मी भुंग्याच्या चाकात घातली, ती ही."

"बरं. तरी उद्या डॉक्टरबाईंकडे जायचं, आणि त्या हो म्हणेपर्यंत खेळायचं नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि बूट काढू लागली.

तर मित्रांनो, खेळा. मैदानावर खेळा, खाणीत खेळा. दारात काय लटकले आहे तेवढ्यावरून कुठल्या खेळाला भिऊ नका आणि कुठल्याला निर्धास्त समजू नका. आणि लागले तर घरी सांगा. मोठ्यांना माझे एवढेच मागणे आहे की, मुलाने सांगितले त्या दिवशी त्याला रागावू नका, नाही तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही. आता तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी कपाटावर पडली असेल, तर तिला खाली उतरवून तिच्या टाचेचे रबर बघा. कडक झाले असेल तर बदला. ओल्या फरशीवर आम्ही घसरतो, आणि मग पडतो तो आमच्यावर विसंबलेला माणूस.