ताणावर ठेवलेली पोर

देवीदासच्या अंगणात सकाळपासून शे-दीडशे माणसं फक्त वास घ्यायला उभी होती. प्रत्येकाच्या हातात आपापल्या बागेतली संत्र्याची फांदी. ओसरीवर झेंडूच्या माळांखाली देवीदासची बारा वर्षांची मंगला लोडाला टेकवून ठेवलेली. माणूस वाकायचा, फांदी तिच्या तोंडापुढे धरायचा, पोरीचा धापता श्वास पानांना लागला की डोळे मिटून म्हणायचा, "आहाहा! पिकल्या फळाचा घमघमाट, बापा!" आणि मागच्याला जागा करून द्यायचा.

मनकर्णाबाई फाटकातच थबकल्या. सौंसरच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत. मंगला पंधरा दिवस शाळेत आली नाही म्हणून चौकशीला सायकल हाणत आल्या होत्या. रांगेत त्यांच्याच शाळेतले दोन गुरुजी दिसले, फांद्यांसकट.

फलाहारी महाराज ओसरीच्या खांबाला टेकून बोलत होते. "भक्तहो, हे माझ्या मंत्राचं फळ! बागेची देवी पोरीच्या अंगात उतरून राहिली. अंग वाळलं, पण श्वास गोड झाला. न्हाणीत मुंग्यांनी रांग लावली. मुंगीले समजते, माणसाले नाही समजत!"

"पण महाराज, देवी बोलन कवा?" पुंडलिकरावांनी विचारलं. गेल्या साली त्यांच्या तीनशे झाडांचा फुलोरा गळून गेला होता.

"पाणी तोडल्याबिगर झाडाले बहार येते का?"

"नाही येत."

"म्हणून कालपासून देवीलेही ताण हाय. तीन दिवस पाण्याचा थेंब नाही."

सगळ्या अंगणानं मान डोलावली. दुसऱ्या एखाद्या गावात निदान एक तरी माणूस हसला असता. इथे ते पक्कं शेतीशास्त्र होतं. पौषात बागेचं पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची, मग पाणी सोडलं की झाड फुलांनी लदबदतं. पोरगी झाड नव्हे, एवढी किरकोळ बाब तेवढी नजरेतून सुटली.

"पाणी…" मंगला पुटपुटली. तिची आई जयवंता तांब्या घेऊन अर्धी उठली. देवीदासनं तिचा हात धरला. "दुसराच दिवस हाय. दम धर जरासा."

बाई रांग मोडून पोरीजवळ गेल्या. श्वास हुंगला आणि ताठ झाल्या. "देवीदासभाऊ, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. मरेल ही."

"काय बोलून राहिल्या बहनजी! देवीले सुई टोचू?"

बाईंनी वाद घातला नाही. सायकल काढली. "बहनजी भेली, पळाली!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि गर्दी पुन्हा वास घ्यायच्या कामाला लागली.

तासाभरात बाई भाड्याच्या जीपमधून परतल्या. हातात लाल फडक्यात गुंडाळलेली बाटली होती.

"पुंडलिकराव, डोळे मिटा. सांगा, कसला वास?"

पुंडलिकरावांनी हुंगलं आणि बाटलीला कपाळ टेकवलं. "जय देवी! तोच वास! जरा जास्तीच!"

महाराजही हुंगून म्हणाले, "आमचा मंत्र बाटलीतही उतरला!"

बाईंनी फडकं सोडलं. "हे ॲसिटोन. नखांचा रंग काढतात यानं. शाळेच्या कपाटात चार वर्षं पडून आहे. मंत्र उतरलाय ना महाराज? मग घ्या एक घोट."

"आज आमचा उपास हाय," महाराज म्हणाले.

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. बाई मात्र हसल्या नाहीत. त्या देवीदासपुढे बसल्या.

"भाऊ, हे पोरीच्या तोंडात कुठून आलं? तिच्याच चरबीतून. आपलं शरीर म्हणजे कोट्यवधी बारीक पेशी. त्यांच्यात विकरं नावाचे कारागीर असतात. ते साखर टप्प्याटप्प्यानं तोडतात, त्यातून पेशीला ताकद मिळते. पण साखरेला आत घ्यायला इन्सुलिन लागतं, आणि ते हिच्या अंगात बनेनासं झालंय. रक्तात साखर तुडुंब, आत पेशी उपाशी. मग शरीर चरबी जाळतं. त्यातून आम्लं बनतात, हे ॲसिटोनही बनतं, रक्तात विष होतं. उरलेली साखर लघवीतून जाते, अंगातलं पाणी ओढून नेते. म्हणून तहान, म्हणून मुंग्या. आता सांगा, ज्या झाडाची मुळंच पाणी ओढत नाहीत, त्याला तुम्ही ताण देता का?"

"नाही," देवीदास सवयीनं म्हणाला. "ते वाळते." आणि मग त्यानं पोरीकडे पाहिलं.

जयवंता थांबलीच नाही. माळा तोडून तिनं मंगलाला छातीशी उचललं. "सरका रे! निंघा माह्या अंगणातून!"

नागपूरला सलाईन लागलं, इन्सुलिन सुरू झालं. तिसऱ्या दिवशी पोरीनं आपल्या हातानं भात खाल्ला. तोवर महाराज तिगावकडे सरकले होते, आणि निम्मी रांग त्यांच्यामागे.

मंगला घरी आली तेव्हा पुंडलिकराव हळहळत फाटकाशी आले. "देवी गेली म्हंते?"

"गेली," जयवंता म्हणाली. "पोरगी रायली."

त्या पोरीला आता रोज सुई लागते, आणि ती रोज शाळेत जाते. लेकरू वाळत असेल, पाणी पाणी करत असेल, तर आधी त्याची लघवी तपासून घ्या. हात जोडायला आपल्याला जन्म पडला आहे. अशा लेकराजवळ कधीकधी तीन दिवसही नसतात.